कौल, इस्तावा आणि फलाची मोजणी : ठाणें-कल्याण प्रांतांतील एक जुना हिशेब

उपजीविकेची नवी संधि लोकांस मिळावी म्हणून सरकारनें, महापालिकेनें अथवा एखाद्या विश्वस्त संस्थेनें द्रव्य द्यावें, आणि घेणारानें त्याचें फळ मोजून दाखविण्याचें लिहून द्यावें, हा व्यवहार आज ठाणें व कल्याण-डोंबिवली या महापालिकांच्या हद्दींत नित्याचा झाला आहे. अर्जाच्या नमुन्यांत अपेक्षित फलाचा एक रकाना असतो. तो बहुधा सर्वांत शेवटीं आणि घाईनें भरला जातो. इतकीं शिबिरें, इतकीं यंत्रें, इतके लाभार्थी असे आंकडे त्यांत येतात आणि देणार व घेणार या दोघांचेंहि समाधान होतें. फलाची अशी आगाऊ निश्चिति करण्याची रीत आपणांकडे नवीन आहे, पूर्वींचीं अनुदानें केवळ धर्मबुद्धीनें अथवा मर्जीनें दिलीं जात, असा समज पुष्कळ सुशिक्षितांत आढळतो. तो कितपत खरा आहे हें याच प्रांताच्या जुन्या साधनांवरून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

आरंभ ठाण्याच्याच एका ताम्रपटापासून करूं. इ. स. 1787 मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणीत असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचे शक 939 चे, म्हणजे इ. स. 1017 चे, ताम्रपट सांपडले. त्यांचें भाषांतर पुढें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडांत आलें. त्यांत दान घेणाऱ्या ब्राह्मणाचें नांव आहे, दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा आहेत, आणि दान कशासाठीं तेंहि आहे. त्यानें आपलीं विहित कर्में करावीं, अतिथींचा सत्कार करावा, कुटुंबाचा निर्वाह चालवावा. सीमा इतक्या काटेकोर, परंतु त्यानें किती अतिथि जेवविले हें कोणीं व केव्हां पाहावें याविषयीं एक अक्षर नाहीं. आणि तें नसणें योग्यच होय. मीमांसकांनीं कर्मांचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे जे भेद केले आहेत त्यांपैकीं हें दान दुसऱ्या प्रकारांत मोडतें. त्याचें पुण्य दिसणारें नव्हे. उदक सोडलें कीं दान पूर्ण झालें.

उपजीविकेसाठीं दिलेलें द्रव्य मात्र सर्वस्वीं दृष्टार्थ होय. त्याचें फळ या लोकीं, डोळ्यांस दिसेल असें, घेणाराच्या घरांत यावयास हवें. आजचा घोटाळा असा कीं देणें दृष्टार्थ आणि त्याची समाप्ति अदृष्टार्थ दानासारखी. शिलाईचें यंत्र दिलें, छायाचित्र निघालें, कीं उदक सुटलें.

फळाचा आंकडा आगाऊ बांधून दिल्याचें आम्हांस ठाऊक असलेलें उत्तम जुनें उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचें कर्तृत्व आमच्या प्रांतासहि परकें नाहीं. डहाणूच्या नदीवर त्यानें फुकट नाव चालविल्याचा उल्लेख त्याच लेण्यांत आहे, आणि डहाणू हें 2014 पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होतें. वर्ष 42 च्या लेखांत त्यानें 3000 कार्षापण दिल्याचें नमूद आहे. पैकीं 2000 गोवर्धन येथील एका कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेंकडा 1 व्याजानें, आणि 1000 दुसऱ्या कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें ठेवावयाचे. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंस प्रत्येकीं 12 कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. 2000 वर दरमहा शेंकडा 1, म्हणजे वर्षाचे 240. आणि 20 गुणिलें 12 म्हणजे 240. एक कार्षापणहि शिल्लक नाहीं वा कमी नाहीं. दुसऱ्या ठेवीचे 90 किरकोळ गरजांसाठीं होते. तेथील शब्दाच्या अर्थाविषयीं मतभेद आहेत, त्यांत आम्ही शिरत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं दात्यानें आधीं फळ ठरविलें आणि मग त्यास पुरेल तेवढें मुद्दल ठेविलें. हल्लीं मुद्दल आधीं मंजूर होतें, मग त्यास शोभेल असा आंकडा शोधला जातो. शिवाय या व्यवहारांत कोष्ट्यांना कायमचें भांडवल मिळालें, ही गोष्ट लेखांत फलरूपानें सांगितलेली नसली तरी आमच्या दृष्टीनें वस्त्रांहून लहान नव्हे.

कौटिलीय अर्थशास्त्र 1909 मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केल्यावर या विचाराची शास्त्रीय बाजूहि हातीं आली. नवें तळें किंवा बांध घालणारास 5 वर्षें करमाफी, मोडून टाकून दिलेल्याची दुरुस्ती करणारास 4, झाडझाडोऱ्यानें भरलेलें साफ करणारास 3, आणि कोरडी जमीन नव्यानें लागवडीस आणणारास 2. माफीची मुदत कष्टाच्या प्रमाणांत चढती-उतरती आहे. जो कसत नाहीं त्याची जमीन काढून दुसऱ्यास द्यावी, आणि कोश वाढेल अशाच सवलती द्याव्या, कोश खंगेल अशा देऊं नयेत, हेंहि त्यानें सांगितलें आहे. आचार्यांची दृष्टि तिजोरीकडे होती यांत संशय नाहीं. परंतु तिजोरीकडे पाहणारा मनुष्य निदान फळ मोजतो.

यापुढें एकदम सतराव्या शतकांत येऊं. शिवछत्रपतींनीं 5 सप्टेंबर 1676 रोजीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहे. प्रभावळी दक्षिण कोंकणांत. परंतु ज्या कारभाराचें तें पत्र आहे तोच कारभार कल्याणासहि चालत होता. पत्राचा आशय असा. सुभेदारानें गांवोगांव स्वतः फिरावें, कुणबी गोळा करावे, कोणाजवळ किती माणूस, किती बैल, किती दाणा आहे हें पाहावें. ज्यास कसण्याचें बळ आहे परंतु बैल वा बीं नाहीं, त्यास बैलांसाठीं रोख पैसा आणि पोटास व बियाण्यास दाणे द्यावे. वसुली करतांना वाढीदिढी घेऊं नये. केवळ मुद्दल, तेंहि त्याला शक्ति येईल तसतसें, उगवून घ्यावें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी चालेल. मात्र पड जमीन लागली पाहिजे आणि वसूल वाढला पाहिजे.

शिवराय दयाळु होते म्हणून असें लिहिलें, इतकें म्हणून अनेक लेखक पुढें जातात. आम्हांस त्या पत्रांतील हिशेबी बुद्धि अधिक विचार करण्याजोगी वाटते. मदतीपूर्वींची स्थिति घरवार टिपून ठेवावयाची आहे. मदत सर्वांस सारखी नसून ज्याचें जें उणें तें भरावयाचें आहे. खर्चाची मर्यादा सांगितली आहे, पण खर्च झाला हें फळ मानलेलें नाहीं. फळ म्हणजे लागलेली पड. दोन लाख लारी वांटल्या असें लिहून रामाजी अनंतास सुटतां आलें नसतें.

पेशवाईंत हीच बुद्धि कौलाच्या रूपानें ठरीव झाली, आणि तिचें खरें क्षेत्र आमच्या खाड्यांच्या कांठीं होतें. ठाण्याची खाडी, उल्हास नदीचें मुख आणि कल्याणची खाडी यांच्या दोहों तीरांस भरतीचें पाणी पसरणारें खाजण होतें. बाहेरून मातीचा बांध घालावा, ओहोटीच्या वेळीं पावसाचें पाणी बाहेर जावें व भरतीचें आंत येऊं नये म्हणून त्यांत उघाडी ठेवावी, आणि कित्येक पावसाळ्यांनीं मीठ धुऊन काढावें. तेव्हां कोठें त्या खाजणाची खार होऊन त्यांत तांबूस खारें भात उगवे. कळव्याजवळच्या खारेगांवाचें नांवच या उद्योगाची साक्ष देतें. पहिलीं कांहीं वर्षें हातीं गवतापलीकडे कांहीं न लागणाऱ्या अशा कामांत सामान्य कुळानें पडावें कशासाठीं? त्यास संधि देण्याचें साधन म्हणजे इस्तावा. पड किंवा खाजण जमीन कौलानें द्यावयाची, आरंभीं धारा मुळींच नाहीं किंवा नांवापुरता, मग दरवर्षीं ठरीव पायरीनें चढता, आणि मुदतीच्या अंतीं शेजारच्या जमिनीइतका पुरा. उदाहरणार्थ, पुरा धारा बिघ्यास 5 रुपये धरला आणि पांच सालांचा इस्तावा असला, तर 1, 2, 3, 4, 5 असा चढ. हे आंकडे आम्ही समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्यक्ष दर व मुदती ठिकठिकाणीं निरनिराळ्या असत.

या साध्या व्यवस्थेंत एक मर्म आहे, आणि या लेखांत आम्हांस मुख्यतः तेंच सांगावयाचें आहे. इस्ताव्यांत फळ मोजण्यासाठीं निराळा अहवाल लागत नाहीं. पांचव्या वर्षीं कूळ पुरा धारा देऊन त्याच जमिनीवर उभें आहे, हेंच माप. आणि हें माप खोटें वाढवून सांगण्यांत कोणाचा लाभ नाहीं. जमीन लागली नसतां लागली म्हणून सांगणाऱ्या कुळास तिचा धारा भरावा लागे. आजच्या अनुदानांत याच्या उलट आहे. फळ अधिक सांगितलें तर पुढचा हप्ता मिळतो, कमी सांगितलें तर अडतो. अशा स्थितींत अहवाल लिहिणारांच्या सचोटीवर सारा भार पडतो, आणि सचोटी ही कितीहि आदरणीय असली तरी तिच्यावर हिशेबपद्धति उभारूं नये, हें जुन्या दफ्तरदारांस चांगलें कळत होतें.

बांधाची गोष्ट तर याहून बोधक आहे. उत्तर कोंकणांतील शिलोत्री खारींत बांध घालणाऱ्या शिलोत्रीदारास कुळें बिघ्यास एक मण भात बांधाच्या दुरुस्तीसाठीं देत. म्हणजे फळ उभें करण्याइतकीच तें टिकविण्याची तरतूद मूळ करारांतच असे. भरती काय, वर्षांतून सुमारें सातशें वेळां येते. एका उधाणांत बांध फुटला तर दहा वर्षांची खार पुन्हां खाजण होते. हल्लींच्या किती प्रकल्पांत यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीस पैसा कोणाचा, हें लिहिलेलें असतें?

इंग्रजी अमलांत खाजणाचे पट्टे याच वळणावर गेले, फक्त भाषा बदलली. पहिलीं 10 वर्षें सारा नाहीं. पुढील 20 वर्षें सबंध क्षेत्रावर, तें आटोक्यांत आलें असो वा नसो, एकरीं 4 आणे. तीस वर्षांनंतर पाहणीचा दर. दोन वर्षांत नेटानें काम न चालल्यास, आणि ठरलेल्या मुदतींत आधीं निम्में व मग सर्व क्षेत्र शेतीयोग्य न झाल्यास पट्टा रद्द होण्याजोगा. सबंध क्षेत्रावर सारा घेण्याचें कलम चतुर आहे. जेवढें पेलेल तेवढेंच मागा, असें तें न बोलतां सांगतें. आजच्या अर्जांत हजार माणसांस रोजगार देऊं असें लिहिणारास चुकलेल्या नऊशेंबद्दल कांहीं भरावें लागत नाहीं.

असें असलें तरी ही जुनी मोजणी निर्दोष होती असें म्हणावयाचें नाहीं. सवलत संपत येतांच दुसऱ्या गांवीं नवा कौल घेऊन निघून जाणारीं उपरी कुळें होतीं. आज एका प्रशिक्षणवर्गांतून दुसऱ्यांत नांव नोंदविणारे तरुण आहेत, त्यांचा पूर्वज तो. पट्टेदाराचें फळ मोजलें गेलें, पण त्या बांधावर डोक्यावरून माती वाहणाऱ्या मजुराच्या वांट्यास काय आलें याचा रकाना कोणत्याच कौलांत नव्हता. खाजणांत मासळी आणि चिंबोरी धरणाऱ्या कोळ्याची उपजीविका तर शून्य धरली गेली. कारण कागदावर तें ओसाड होतें. तिवरांचेंहि तसेंच. 1948 च्या खार जमीन कायद्यानें आणि पुढें 1979 च्या कायद्यानें बांध राखण्याची व्यवस्था सरकारी देखरेखीखालीं आणली. परंतु 2018 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या नाशास सक्त बंदी केली, आणि ठाण्याची खाडी 2022 मध्यें रामसर यादींत आली. ज्या भूमीस कौलांत पड म्हटलें तिलाच आतां राखण्याजोगी म्हणावयाचें. पूर्वस्थिति टिपतांना जें शून्य लिहिलें जातें तें खरोखर शून्य आहे कीं काय, हा प्रश्न फलाच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे, असें या उदाहरणावरून आम्हांस वाटतें.

आतां आजच्या योजनांकडे एक दृष्टि टाकूं. 1980 नंतर देशभर चाललेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमानें सहाव्या पंचवार्षिक योजनेंत दीड कोटी कुटुंबांचें लक्ष्य ठेविलें. मदत दिलेल्या कुटुंबांची संख्या त्याहून वर गेली. परंतु मागाहून झालेल्या पाहण्यांत त्यांतील पुष्कळ कुटुंबें दारिद्र्यरेषेच्या अलीकडेच राहिल्याचें दिसून आलें. लक्ष्य पार पडलें आणि हेतु मागें राहिला. याउलट 2020 मध्यें निघालेल्या फेरीवाल्यांच्या स्वनिधि योजनेंत पहिलें कर्ज 10,000 रुपयांचें, तें फिटलें कीं 20,000 चें, तें फिटलें कीं 50,000 चें, असा क्रम ठेविला गेला. हा इस्ताव्याचाच दूरचा वंशज होय. कल्याण स्थानकाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईचा हप्ता वेळेवर आला ही गोष्ट मोजतां येते, आणि ती खोटी सांगून चालत नाहीं. तथापि हप्ता धंद्याच्या नफ्यांतून आला कीं घरांतील डाग मोडून आला, हें त्या मापास कळत नाहीं.

डोंबिवलींतील एखाद्या महिला मंडळानें शिवणाच्या उद्योगासाठीं द्रव्य मागितलें तर फळ कोणतें लिहावें? आमचें मत स्पष्ट आहे. यंत्रांची संख्या फळांत धरूं नये. ती खर्चाची बाब. आज प्रत्येक बाईची महिन्याची मिळकत किती, आणि शिवणासाठीं ती दुसरें कोणतें काम सोडणार, हें प्रथम घरवार लिहावें. अनुदान थांबल्यानंतरचा एखादा महिना आधींच नेमून ठेवावा, आणि त्या महिन्यांत किती जणी स्वतःच्या मिळकतीवर तोच उद्योग करीत आहेत तेवढेंच मोजावें. दिवाळीचा महिना मात्र नेमूं नये, तेव्हां सर्वांचींच यंत्रें चालतात. आंकडा लहान निघेल. वीसांपैकीं बारा असा लहान आंकडा आगाऊ लिहून देणाऱ्या मंडळास देणारानें कमी लेखूं नये. दुरुस्तीचा मण त्यांनीं पहिल्या महिन्यापासून बाजूस काढावा.

राहतां राहिला मोजणाराचा प्रश्न. 2013 मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें बचत गटांस पंचसूत्री घालून दिली, तींत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाच्या वह्या यांचा समावेश होता; ती पाळणाऱ्या गटास 10,000 रुपयांचा फिरता निधि मिळे. त्यामुळें ठाण्याच्या व डोंबिवलीच्या वस्त्यांत अशा वह्या लिहिणाऱ्या बायका तयार झाल्या आहेत. कोणीं किती घेतलें व कशांतून फेडलें हें त्या वह्यांत असतें, आणि चूक लिहिल्यास शेजारीण बैठकींतच हटकते. नेमलेल्या महिन्याची मोजणी बाहेरून आलेल्या तपासनीसानें करण्यापेक्षां या वह्यांवरून, सर्व सभासदांच्या समक्ष, व्हावी. तपासनीसानें शेजारीं बसून ती पाहावी आणि खालीं सही करावी.