फाटल्यानंतरचे कापड : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मेघदूतातले अवंतीचे म्हातारे ज्याच्या गोष्टी सांगतात, त्या वत्सराज उदयनाची एक गोष्ट पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गातही आहे. त्याच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दिली. हा श्रमण आता कापडाचे दुकान मांडणार की काय, असे वाटून राजा चिडला आणि त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना वाटीन, आनंद म्हणाला. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या अंथरायच्या चादरी. त्याही जुन्या झाल्या की? गाद्यांच्या खोळी. त्यानंतर जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकी गेली की त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन लिंपायची. राजाने खूश होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

जुन्या कापडाच्या उपयोगाविषयी इतका नेमका प्राचीन उतारा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. रामटेकच्या आसपास एखाद्या शेतकरी घरातल्या आजीला विचारा, ती जवळजवळ हाच क्रम सांगेल. लुगड्याची वाकळ, बाळाचे दुपटे, डोक्यावरच्या पाण्याच्या गुंडाखाली चुंबळ, चुलीवरचे भांडे उतरवायला फडके, देवळासाठी काकडा आणि शेवटी सारवणाचे पोतेरे. कापडाच्या इतिहासाची आपली पुस्तके बहुधा माग, रंग, काठ आणि बाजार इथपर्यंत येऊन थांबतात. आजीचा क्रम जिथे सुरू होतो, तिथून पुढचा अभ्यास म्हणजे हा विषय. त्यात नव्या वाचकाचे मनापासून स्वागत आहे.

सुरुवात वाकळीपासून करावी. वाकळीला नवे कापड चालत नाही. नव्या कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. थर कमीजास्त आटले की शिवण आवळते आणि वाकळीला चुण्या पडतात. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे आटायचे तेवढे आटून बसलेले असते, त्याचे तंतू मऊ झालेले असतात. नऊवारी लुगडे आठ मीटरांहून लांब. त्यातले मधले अंग आधी विरते. काठ आणि पदर पुष्कळ दिवस शाबूत राहतात. जाणती बाई विरलेले तुकडे आत घालते, धड कापड वर-खाली ठेवते आणि काठ कडेला लावते. थरांत अडकलेली हवा ऊब देते, धावदोरा थरांना सरकू देत नाही. शिवण सहसा कडेने सुरू होते आणि चौकटीच्या आत चौकट घेत मध्याकडे जाते. मध्यावर फुगवटा जमू न देणे, यात हाताची खरी परीक्षा. ओळी कोपऱ्यावर कशा वळल्या आहेत हे नीट पाहिले, तर एकाच घरातल्या सासूचा आणि सुनेचा हात वेगळा ओळखता येतो.

वाकळ जीर्ण झाली की पुष्कळदा तिच्यावर दुसरे वापरलेले कापड चढवून तीच पुन्हा शिवतात. त्यामुळे एखादी जुनी वाकळ उसवली तर आत हातमागाचे लुगडे, त्यावर गिरणीचे कापड आणि सर्वांत वर सिंथेटिक साडी असा क्रम मिळू शकतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 मध्ये सुरू झाली. गिरणीचे कापड घरात कधी आणि किती शिरले, हे या थरांत वाचता येते. सिंथेटिक साडीने मात्र आनंदाची साखळी शेवटाकडे तोडली. ती टिकते, पण घाम शोषत नाही. पोतेरे करावे तर पाणी टिपत नाही, आणि मातीत कुजत नाही. सुती चिंधीचा निदान कागद तरी होतो. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 मध्ये पुण्यात उभी राहिलेली हातकागद संस्था सुती चिंध्यांचा लगदा वापरत आली आहे.

इथवरचा भाग आवडीने वाचला जातो. यापुढचा भाग टाळून हा अभ्यास करता येणार नाही. जुने कापड नेहमी काटकसरीनेच हाती येत होते असे नाही, ते माणसांवर लादलेही जात होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्ट्या अन्नाबरोबर जीर्ण वस्त्रे द्यावीत असे म्हटले आहे, आणि चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. बौद्ध भिक्षूचे पांसुकूल चीवर नेमक्या त्याच जागेवरचे, उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचे. पण त्याने ते स्वतः होऊन उचललेले असते. विरलेल्या कापडाची संघाटी, म्हणजे भिक्षूचे वरचे चीवर, चार पदरी करावी, असा थरांचा हिशोबही विनयात आहे. मगधातली बांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला चीवराची तुकडेजोड सुचवली, असे विनयातलाच महावग्ग सांगतो. पावसाळ्यात रामटेकच्या गडावरून खाली धानाच्या बांध्या पाहिल्या की ती रचना समजायला चित्र लागत नाही. आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी अंगावर ठिगळांची गोधडी वागवली. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली ते साल 1956, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गाडगेबाबा गेले. चिंधी कोणी स्वीकारली आणि कोणावर लादली, हा प्रश्न प्रत्येक ठिगळापाशी विचारला पाहिजे. तो न विचारता केलेले वाकळीचे कौतुक मला अपुरे वाटते.

बाहेरच्या जगात शोधाल तर बंगालचा कांथा, उत्तर कन्नडच्या सिद्दींची कवंदी, जपानची बोरो वस्त्रे भेटतील. अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, त्या करणाऱ्यांच्या नावांनिशी. आपल्याकडे वाकळीवर नाव नसते.

रामटेकमध्ये बसून हा विषय शिकणे सोयीचे आहे. संस्कृत विश्वविद्यालय इथे 1997 पासून आहे, तेव्हा ग्रंथ वाचणारे आहेत. आणि वाकळी शिवणाऱ्या बायाही अजून आहेत. दोघांची गाठ पडायला हवी. वाचकाला एकच विनंती आहे. घरातली जुनी वाकळ बोहारणीला देण्याआधी किंवा फेकण्याआधी ती उन्हात पसरा, थर मोजा, कुठले कापड कोणाचे ते घरच्या मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. त्या नोंदीत पहिली ओळ शिवणारीच्या नावाची असू द्या.