कुस्तीस्पर्धा, महाराष्ट्रातील

अंगबळ व डावपेच यांच्या जोरावर प्रतिस्पर्ध्यास चीत करण्याच्या क्रीडेभोवती महाराष्ट्रात उभी राहिलेली सामाजिक संस्था. कुस्तीचे नियम व डाव यांपेक्षा मल्लाला पोसणारा समाज, त्याच्या विजयात त्या समाजाचा वाटा आणि विजयानंतर मल्लाच्या पदरी पडणारे फळ यांचा विचार येथे अभिप्रेत आहे. या दृष्टीने प्राचीन ग्रीसमधील क्रीडास्पर्धांशी तिचे साम्य व भेद दोन्ही उद्‌बोधक आहेत.

महाराष्ट्रातील मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. आजचा मराठवाडा ज्यांच्या राज्यात मोडत होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व व्यायाम यांचे वर्णन आढळते. मल्ल पोसणे हे राजाचे कर्तव्य व करमणूक अशा दोन्ही नात्यांनी तेथे येते.

राजाश्रयाबरोबरच गावाचा आश्रयही तितकाच महत्त्वाचा होता. ग्रामदैवताच्या जत्रेत कुस्त्यांचा फड हा उत्सवाचाच भाग असतो. त्यासाठी घरटी वर्गणी गोळा होते. प्रारंभी रेवड्या-खोबऱ्यावर लहान मुलांच्या कुस्त्या लावतात. मग इनामाची रक्कम वाढत जाऊन अखेरीस मानाची कुस्ती होते. जोड लावण्याचे काम गावचे जाणते पंच करतात. हलगीच्या कडकडाटात विजयी मल्लाला फेटा बांधतात आणि तो फडाभोवती फिरू लागला, की प्रेक्षक आपखुशीने त्याच्या हाती पैसे ठेवतात. तो चीत करतो एका माणसाला. परंतु जिंकते त्याचे गाव आणि त्याची तालीम. हरलेल्या मल्लाबरोबर आलेली मंडळी खाली मान घालून परततात, ती याच कारणाने.

ग्रीक नगरराज्यांत नेमकी हीच भावना होती. ऑलिंपिया येथील स्पर्धांचा परंपरागत प्रारंभ इ. स. पू. ७७६ हा मानतात. कुस्तीचा समावेश इ. स. पू. ७०८ मध्ये झाला. प्रतिस्पर्ध्यास तीनदा पाडणारा तेथे विजयी ठरे. बक्षीस म्हणजे ऑलिव्हच्या पानांचा मुकुट एवढेच. पण मायदेशी त्याचे मोल फार मोठे होते. अथेन्समध्ये ऑलिंपिक विजेत्यास सार्वजनिक भोजनगृहात आजन्म भोजन मिळे. इ. स. पू. ४१२ मध्ये धावण्याची शर्यत जिंकून परतलेल्या एक्सिनीटसचे ॲक्रॅगस या नगराने पांढऱ्या घोड्यांच्या तीनशे रथांनिशी स्वागत केले. शहाणपणापेक्षा अंगबळाला असा मान देणे न्याय्य नव्हे, अशी टीका झिनॉफनीझ या तत्त्वज्ञ कवीने त्यापूर्वीच केली होती. ती व्यर्थ गेली, हे सांगावयास नकोच.

महाराष्ट्रात राजाश्रयाचा कळस कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) झाला. स्वतः कसलेले मल्ल असलेल्या महाराजांनी पंजाबातील नामवंत पहिलवानांना आश्रय दिला, तालमींना साहाय्य केले आणि खासबाग मैदान बांधविले. १९०२ च्या यूरोप प्रवासात पाहिलेल्या रोमच्या कलोसियमवरून ही कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. मध्यभागी आखाडा व भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने दूरच्या प्रेक्षकालाही कुस्ती नीट दिसते. मैदानाचे उद्‌घाटन १९१२ मध्ये झाले. ग्रीक स्पर्धा परकीयांना व गुलामांना बंद होत्या. कोल्हापूरच्या आखाड्यात मात्र पंजाबी मुसलमान पहिलवान व मराठी शेतकऱ्याचा मुलगा एकाच तांबड्या मातीत उतरत. या भेदाकडे तुलना करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

संस्थाने विलीन झाल्यावर मल्लाच्या खुराकाचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. दूध, तूप, बदाम व मांस यांचा नित्य खर्च शेतकरी कुटुंबास पेलणारा नव्हता. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव (१९२६–८४) यांची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १९५२ च्या हेल्‌सिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी जमवावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून रक्कम दिली. जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ॲक्रॅगसच्या रथांची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. पण अथेन्सचे आजन्म भोजन त्यांच्या वाट्यास आले नाही. पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

राजाश्रयाची जागा घेण्याचा प्रयत्न संघटनेने केला. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. परिषदेच्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत १९६१ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी विजयी झाले. राज्यस्थापनेस त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या मराठवाड्याच्या या प्रमुख नगरात सर्व राज्याचा मल्ल ठरावा, यास त्यामुळे क्रीडेपलीकडचा अर्थ होता. त्यानंतर धुळे, सातारा, अमरावती, नासिक असे स्पर्धेचे स्थान बदलत गेले. १९६९ मध्ये लातूर येथे त्याच जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी किताब मिळविला. मात्र त्यांची घडण कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतली. मराठवाड्यात गुणी मल्लांची वाण नव्हती. त्यांना पोसणाऱ्या तालमींची मात्र होती. कालांतराने स्पर्धेत मातीबरोबर गादीवरील विभाग आला व दोन्ही विभागांतील विजेत्यांत अंतिम लढत होऊ लागली.

ऑलिंपियात विवाहित स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनही प्रवेश नव्हता. महाराष्ट्रातील आखाडाही दीर्घकाळ पुरुषांचाच राहिला. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली.