कागद आणि शिवार

आमच्या यवतमाळच्या नावातच एक जुनी नोंद दडली आहे. ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या यादीत हे ठिकाण ‘योत-लोहारा’ म्हणून येते. गावाचे मूळ नाव येवता. त्याला महालाचा ‘मल’ चिकटला. लोहारा हे शेजारचे गाव. इंग्रजी अमलात जिल्ह्याला वणीचे नाव होते. १९०५ साली पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्हा यवतमाळ झाला. माती तीच, दप्तर मात्र पुन्हा लिहावे लागले.

जमीन जागची हलत नाही, पण तिचा हिशेब बदलत राहतो. बाप जातो, भाऊ वाटण्या करतात, विहीर खणली जाते, कपाशीच्या जागी सोयाबीन येते. म्हणूनच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सातबाऱ्यामागे फेरफाराची नोंदवही उभी आहे. ज्याला हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांत पटवाऱ्याला कळवायचे. नोंद चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर सुनावणी होते, मगच नोंद प्रमाणित होते. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुने नाव खोडत नसत. त्याला कंस करून पुढे फेरफाराचा क्रमांक घालत. काय बदलले आणि कशामुळे, हे नातवालाही शोधता यावे, ही त्यातली खुबी.

हक्क, हरकत, नक्कल, दाखला हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि वऱ्हाडी बोलीत मुरले. वापरात राहिले म्हणून ते जगले. कागदाचेही तसेच आहे.

नोंद मागे राहिली की काय होते? नवरा जातो, बाई शेत कसते, पण सातबाऱ्यावर नाव त्याचेच. बँक पीककर्जासाठी तिच्या हातांवरचे घट्टे पाहत नाही, कागदावरचे नाव पाहते. सरकारी खरेदी केंद्रावर तूर न्यायची तर पेऱ्याची नोंद लागते. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले. त्यात आमचा जिल्हा होता. अशा प्रत्येक मदतीची वाट दप्तरातूनच जाते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हेच दुखणे आहे. प्रोग्रॅम रोज बदलतो. तो कशासाठी आणि कसा हवा होता, हे सांगणारा कागद मागेच राहतो. मग नवा माणूस जुन्या कागदावर विसंबून चुकतो. सातबारा संगणकात गेला तेव्हा हस्तलिखितातला आणि पडद्यावरचा मजकूर जुळेना. त्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. २०१८ च्या १ मेपासून डिजिटल सहीचा सातबारा आला, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करायची ई-पीक पाहणी आली.

यंत्रे बदलली, तरी मला मोल वाटते ते त्या वाचनाचे. चारचौघांत नाव मोठ्याने वाचले जाते आणि कुणीतरी उठून म्हणते, ‘हे आता असे नाही.’ कागद खरा राहतो तो या माणसामुळे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)