किल्ली नसलेली पेटी

आपले ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’वरून आले. त्या कारागिरीचा एक नमुना कोपनहेगनच्या डेव्हिड संग्रहालयात आहे. इस्फहानच्या मुहम्मद बिन हामिद या अस्तुरलाबीने, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजणारी यंत्रे घडवणाऱ्याने, हिजरी ५९७ (इ.स. १२००-०१) मध्ये केलेली पितळी पेटी. झाकणावरच्या चार तबकड्या ठरल्या खुणांवर आणल्या की ती उघडते. १२०६ साली अल-जझरीनेही आपल्या यंत्रग्रंथात असे कुलूप वर्णिले.

किल्ली चोरता येते, मनातली खूण नाही. पण पेटीच काखेत मारून नेणाऱ्याला कुलूप काय अडवणार? तो घरी नेऊन फोडील. म्हणून मला वाटते, हा बंदोबस्त दरोडेखोरासाठी नव्हताच. गुपचूप उघडून पुन्हा बंद करणाऱ्या घरच्याच हातांसाठी होता.