अंदमानची बॅग भरताना

दिवाळी संपली की ऑफिसात अंदमानची एक्सेल शीट फिरायला लागते. कुणीतरी जाऊन आलेला असतो, तो ती पुढच्याला देतो, पुढचा तिच्यात दोन ओळी वाढवतो. सनस्क्रीन, ओडोमॉस, उलटीच्या गोळ्या, रोख पैसे, बोटीची तिकिटं आधी काढणे वगैरे. शीट उपयोगाची आहे, वादच नाही. पण इतिहासाची खाज असलेल्या माणसाने ती वाचली, की त्यातल्या बऱ्याच ओळींमागे कुणी ना कुणी मेलेलं दिसायला लागतं.

'कधी जायचं' हीच ओळ घ्या. सगळे सांगतात डिसेंबर-जानेवारी. बरोबर आहे, कारण मे ते सप्टेंबर नैऋत्येकडचा पाऊस, मग ईशान्येकडचा, मिळून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. १८५७ च्या शेवटी कंपनी सरकारची पाहणी कमिटी अंदमानला गेली ती नेमकी याच सुखाच्या सीझनमध्ये. उठावात पकडलेले कैदी ठेवायला जागा हवी होती. कमिटीचे प्रमुख होते डॉ. फ्रेडरिक मोआट, बंगालच्या तुरुंगांचे इन्स्पेक्टर. त्यांनी अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. आधी एकदा इथली वसाहत फसली होती हे त्यांना माहीत होतं. १७८९ मध्ये बॉम्बे मरीनच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने (म्हणजे आपल्या मुंबईच्याच नोकरीतला माणूस!) दक्षिणेला वसाहत घातली, ती १७९२ मध्ये उत्तरेला हलवली, आणि तिथे रोगराईने इतकी माणसं गेली की १७९६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. उरलेले कैदी पेनांगला पाठवले. म्हणून मोआट कमिटीने उत्तर टाळली आणि ब्लेअरचं पहिलं बंदर निवडलं. कागदावर सगळं चोख.

१० मार्च १८५८ ला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरले. आधी चॅथम बेटावर. तिथे प्यायचं पाणी पुरेना, म्हणून रॉस बेटावर. दोन महिन्यांत पाऊस सुरू होणार आणि हाताशी आहे जंगलतोड, दलदल नि ताप. पहिल्या तीनेक महिन्यांत ७७३ कैदी आले. साठहून जास्त दवाखान्यात मेले, १४० पळाले ते सापडलेच नाहीत, आणि पळून पकडल्या गेलेल्या ऐंशीहून जास्त जणांना वॉकरने फासावर चढवलं. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक माणसं पहिल्या तिमाहीतच संपली. पळणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होतं की जंगल ओलांडलं की ब्रह्मदेश लागतो. त्यांना नकाशा कोण दाखवणार?

आपण मराठी माणसं अंदमान म्हटलं की थेट सेल्युलर जेल आणि १९११ मध्ये 'महाराजा' बोटीतून आलेले सावरकर इथे पोचतो. पण जेल बांधून झालं १९०६ मध्ये. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं अख्खं बेटच जेल होतं. जेल बघायला पूर्ण दिवस ठेवा, पण रॉस बेटाची बोटही चुकवू नका.

पाण्याचं म्हणाल तर एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथे टंचाई असते. मोठ्या नद्या नाहीत, साठवण थोडी. मार्च-एप्रिलचं स्वस्त पॅकेज दिसलं तर हॉटेलवाल्याला आधी पाण्याचं विचारा.

घड्याळाचं एक गंमतशीर आहे. मुंबई ते अंदमान साधारण वीस रेखांशांचं अंतर, म्हणजे सूर्य सुमारे ऐंशी मिनिटं आधी. घड्याळ मात्र मिर्झापूरजवळच्या रेषेचं. त्यामुळे थंडीत पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो आणि आपला 'आरामात उठू' वाला प्लॅन झोपतो. (मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःचा बॉम्बे टाइम सांभाळला होता म्हणे आपला हट्ट. अंदमानला ती चैन नाही.) नेट आता बरं आहे. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, त्याआधी सगळं सॅटेलाइटवर होतं. म्हणजे मॅनेजर तिथेही गाठणार. :-)

नावांचा गोंधळ होतो, म्हणून जुनी-नवी दोन्ही लिहून ठेवा. हॅवलॉक आणि नील ही २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम. हॅवलॉक आणि नील हे १८५७ चा उठाव चिरडणारे अधिकारी. त्याच उठावाचे कैदी इथे मरत होते.

आता शीटमधली सगळ्यात निष्काळजी ओळ: 'बाराटांग, वाटेत जारवा दिसू शकतात, बिस्किटं ठेवा.' ही वाचून खरंच डोकं फिरतं. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार असावेत असा अंदाज आहे. १८७७ मध्ये वसाहतीतून गोवर पसरला आणि वस्त्याच्या वस्त्या गेल्या. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ होते, १९६१ मध्ये १९. जारवा यातून वाचले ते मुख्यतः बाहेरच्यांना बाणाने दूर ठेवल्यामुळे. मग त्यांच्या जंगलातूनच अंदमान ट्रंक रोड काढला. १९९७ च्या अखेरीपासून ते आपणहून बाहेर यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर आला. या वेळी उपचार मिळाले. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच रस्त्याचा तो भाग बंद करायला सांगितलं होतं. तरी २०१२ मध्ये खाण्याच्या बदल्यात जारवा मुलींना नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गाजला. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने जातात. थांबणं, फोटो, काहीही देणं, सगळं कायद्याने गुन्हा आहे.

शीटमधून मी ती ओळ काढलीये. तिच्या जागी: 'बाराटांगला समुद्रमार्गे बोट मिळते का ते आधी विचारणे. रस्त्यानेच जायचं तर कॅमेरा बॅगेत, काच वर. कुणालाही सर्दी-ताप असेल तर हा दिवस रद्द, पैसे बुडाले तरी.'