गेटवरचा टीसी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आळस हे नेहमीचं कारण आहेच, पण या खेपेला घरात एक संशोधन चालू होतं. विषय सुचवला बाबांनी.

इथे येणाऱ्या नातेवाईक मंडळींना बाबा ठाऊक आहेतच. ब्लॉगवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा म्हणजे चामोर्शीचे गुरुजी. उभा जन्म गडचिरोली जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत गेला. आई गेल्यावर चामोर्शीच्या घरात एकटेच होते. दोन पावसाळे त्यांनी रेटले, तिसऱ्याला मी त्यांना ठाण्याला घेऊन आले. घोडबंदर रस्त्याला आमचं कॉम्प्लेक्स आहे. सात इमारती, मधे बाग, पोहण्याचा तलाव (ज्यात मी आजवर पाय बुडवलेला नाही) आणि तळमजल्यावर एक वाचनाची खोली. आम्ही आठव्या मजल्यावर, भाड्याने. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?" हे बाबांचं पालुपद. त्यावर माझं ठरलेलं उत्तर, "लेकीचं कुठे आहे? घर तर भाड्याचं आहे!" या विनोदावर आम्ही दोघंही हसायचो.

वाचनाच्या खोलीत रोज चार मराठी आणि तीन इंग्रजी पेपर येतात. बाबा सकाळी सात वाजता चष्म्याचं घर खिशात घालून खाली जात. नऊला वर येत, ते जगाच्या बातम्या घेऊन. एका सोमवारी साडेसातलाच परत आले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर मी सूचना वाचली तेव्हा उलगडा झाला. वाचनकक्ष, सभागृह आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा ही सोय 'फक्त सभासदांसाठी' असून भाडेकरूंनी सहकार्य करावे, ही विनंती. खाली 'आदेशानुसार'. विनंती आणि आदेश एकाच कागदावर! कुणीतरी बाबांना सकाळी ती सूचना वाचून दाखवली होती. अगदी नम्रपणे, असं बाबांनीच नंतर सांगितलं.

मी भांडायला निघाले होते. बाबा म्हणाले, "राहू दे. पण मला एक सांग, आपल्या गेटवर टीसी लिहिलं आहे, ते काय होय? इथं तिकीट तपासतात काय?"

गेटच्या कमानीवर सोसायटीच्या नावाखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो. गेली चार वर्षं मी त्याखालून ये-जा करते आहे, पण तो कधी वाचला नव्हता. बाबांनी वाचला होता. मास्तर माणूस! टीएनए म्हणजे ठाणे, एचएसजी म्हणजे हाउसिंग, आणि मग कंसात टीसी. तुमच्या सोसायटीच्या गेटवर किंवा पावतीवर बघा. बहुतेक ठिकाणी टीसी असेल, काही ठिकाणी टीओ.

तर मंडळी, टीसी म्हणजे टेनंट को-पार्टनरशिप. सहकार खात्याच्या मराठीत भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था. टीओ म्हणजे टेनंट ओनरशिप, भाडेकरू मालकी. त्यात जमीन संस्थेची आणि त्यावरचं घर सभासदाचं. टीसीमध्ये जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या. (बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलं असेल तर. तो एक वेगळाच रडका विषय आहे!) सभासदाकडे असतात ते शेअर आणि आपल्या फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क. म्हणजे ज्या सोसायटीने भाडेकरूंना पेपर वाचायला बंदी केली, तिच्या स्वतःच्याच कपाळावर भाडेकरू लिहिलेलं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

पण हे नाव आलं कुठून? मग मी वाचत गेले.

मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून गावदेवीच्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचं नाव घेतात. साल १९१५. ती उभी करणारे श्रीपाद सुब्राव तालमकी. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची, आणि १९०६ सालची शामराव विठ्ठल पतसंस्था, जिची पुढे बँक झाली, तीही त्यांनीच काढलेली. कानडा जिल्ह्यातून चित्रापूर सारस्वतांची तरुण मुलं नोकरीसाठी मुंबईत येत होती. नोकरी मिळे, पण परवडेल आणि श्वास घेता येईल अशी जागा मिळणं कठीण. १९०४ च्या कायद्याने फक्त पतसंस्था काढता येत. १९१२ च्या नव्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली आणि तीनच वर्षांत या मंडळींनी घरांची संस्था काढली. बांधणी सोपी होती. भाडेकरूंनी एकत्र यायचं, शेअर घ्यायचे, संस्थेने इमारत उभारायची आणि भाडं आपल्याच संस्थेला द्यायचं. मालक कोण? सगळे मिळून. भाडेकरू कोण? प्रत्येक जण.

ही कल्पना आणि तिचं नाव विलायतेचं. १९०१ मध्ये लंडनच्या पश्चिमेला ईलिंग या उपनगरात बांधकामावरच्या कामगारांनी 'ईलिंग टेनंट्स लिमिटेड' काढली. पुढाकार हेन्री व्हिव्हियन यांचा. हे मूळचे सुतार, पुढे खासदार झाले. त्यातून ब्रेंटम नावाची वसाहत उभी राहिली. घरांपुढे बागा, खेळाला मैदान, एक क्लब. (विम्बल्डन लागोपाठ तीनदा जिंकणारा फ्रेड पेरी याच वसाहतीत वाढला. त्या क्लबात 'फक्त मालकांसाठी' अशी पाटी असती तर त्याचं काय झालं असतं कोण जाणे!) म्हणजे बाग आणि क्लब हाऊसवाली उपनगरातली वसाहत ही कल्पनाच मुळात भाडेकरूंची.

आता दुसरा प्रश्न. सभासद जर भाडेकरू, तर मी कोण?

कपाटातून आमचा करार काढला. दर वेळी सही करते, वाचला पहिल्यांदाच. त्यात भाडेकरू हा शब्द कुठेच नाही! मी आहे लायसेन्सी, म्हणजे परवानाधारक. करार लीव्ह अँड लायसन्सचा. या परवान्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. दुसऱ्याच्या जागेत, परवानगी नसती तर बेकायदेशीर ठरलं असतं असं काही करण्याची मुभा, असा तिचा आशय. म्हणजे माझं सकाळी पोहे करणं, बाबांचं दुपारी आडवं होणं, हे सगळं त्या परवानगीपुरतं कायदेशीर. त्यातून जागेत कसलाही हक्क तयार होत नाही.

हे असं का झालं, त्याचा इतिहास मुंबईत राहणाऱ्या कुणालाही अर्धामुर्धा ठाऊक असतो. युद्ध, टंचाई, बेसुमार भाडी. त्यावर मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधलं गेलं. भाडेकरू वाचले हे खरंच. पण आकडा तिथेच गोठला आणि मालकांनी दुरुस्ती सोडली, नंतर भाड्याने देणंच सोडलं. मग पळवाट निघाली, भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानाधारक ठेवायचा. सरकारने १९७३ मध्ये ती पळवाट बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते ते सगळे संरक्षित भाडेकरू झाले. त्या एका तारखेची धास्ती मालकांच्या पुढच्या पिढीपर्यंत पुरली. रिकामं कुलूप परवडलं, पण भाडेकरू नको! १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही असं सांगितलं, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात परवान्याची मुदत संपली की जागा झटपट परत मिळण्याची सोय आहे. म्हणून तर आम्हाला घर मिळालं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मालकांना भीती असती तर आजही हे फ्लॅट कुलूपबंदच राहिले असते.

तर गंमत अशी, की आमच्या गेटच्या आत जे स्वतःला मालक म्हणवतात ते कागदावर भाडेकरू, आणि ज्यांना ते भाडेकरू म्हणतात ते कागदावर तेही नाहीत.

आता बाबांची गोष्ट, कारण खरे भाडेकरू तेच.

आमच्या विदर्भात १९४७ चा मुंबईचा कायदा नव्हताच. आम्ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात. तिथे १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. त्यात घरमालकाला भाडेकरूला नुसती नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा आदेश २००० सालापर्यंत चालूच होता. पण ही शहरांची कथा. खेड्यात घर भाड्याने घ्यायची वेळ येई कुणावर? मालगुजारीच्या काळात शेती करणाऱ्याला गावठाणात घरापुरती जागा बिनभाड्याची मिळे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. (३१ मार्च पुन्हा! आमच्याकडच्या मोठ्या गोष्टी आर्थिक वर्ष बघून होतात.) त्यामुळे गावात भाड्याने राहणारा म्हणजे नोकरीवर आलेला परका माणूस. मास्तर, कंपाउंडर, तलाठी, जंगल खात्याचा गार्ड. भाडेकरू हा शब्दही कुणी वापरत नसे. 'गुरुजींची खोली' म्हणत.

बाबा मूळचे ब्रह्मपुरीकडचे. १९७० च्या सुमारास चामोर्शीला आले, तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ चा. सगळं चंद्रपूरच. एका धान-शेतकऱ्याच्या घराच्या कडेच्या दोन खोल्या मिळाल्या. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागे सांदवाडी. माझा जन्म तिथलाच. घरमालकांना आम्ही काकाजी म्हणत असू. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला काकाजींबरोबर बाबाही वर चढत, कारण माकडांनी फोडलेली कवेलं मालकाची की भाडेकरूची हे ठरवणारं कलम कुठेच नव्हतं. करार नाही, पावती नाही, अनामत नाही. पगार झाला की आई भाडं काकींच्या हातात देई, आणि बहुधा वाटीभर काहीतरी घेऊन परत येई.

१९७७ च्या डिसेंबरात सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचा, शिक्षकांचा संप सुरू झाला. ५४ दिवस चालला. मी सहा वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त आईचा आवाज, भिंतीपलीकडून, हळू. पहिल्या महिन्याचं भाडं चुकलं तेव्हा बाबा काकाजींकडे गेले आणि म्हणाले, खोली सोडून बायकोपोरांना गावी पाठवतो. काकाजी म्हणाले, "गुरुजी, पगारच नाही त भाडं कायचं मांगू?" दुसऱ्या दिवशी ओसरीवर तांदळाची पायली ठेवलेली होती. कुणी ठेवली ते कुणी बोललं नाही. संप मिटल्यावर बाबांनी थकलेलं भाडं चुकतं केलं, ते काकाजींनी घेतलंही. तांदूळ मात्र परत घेतला नाही.

मला हे सगळं गोड गोड करून सांगायचं नाही. त्याच गावात गुरुजी कुठल्या जातीचे हे आधी विचारून मग खोली दाखवणारीही घरं होती. बाबांना तीन ठिकाणी नकार मिळाला, त्यानंतर काकाजी भेटले. कागद नसला की सगळं समोरच्या माणसावर असतं. तो काकाजी निघाला तर ठीक.

असो. तर बाबांनी सोसायटीला अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने, रेघा आखलेल्या कागदावर, मोत्यासारख्या अक्षरात. विषय : वर्तमानपत्र वाचण्याबाबत. आपल्या संस्थेचा वर्ग भाडेकरू सहभागीदारी असा आहे, तरी एका वृद्ध भाडेकरूस सकाळी दोन तास सहभागी करून घ्यावे, असा मजकूर. मी म्हटलं, बाबा, ना-वापर शुल्काचंही लिहा. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेऊ नये असं ठरवलं आहे, आणि ते भरायचं असतं सभासदाने. आमच्याकडून मात्र वेगळं मागतात. बाबा म्हणाले, "एका अर्जात एकच विषय असतो."

उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. "बाबांना पाठवा हो खाली," म्हणाले. "कमिटीचं बोलणं झालंय. फक्त लेखी काही देता येणार नाही."

मी वर येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा चष्मा पुसत होते. "चामोर्शीला तरी कुठं लेखी होतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला खाली गेले आणि नऊला परत आले ते कुरकुरत. कुणीतरी शब्दकोडं आधीच सोडवून ठेवलं होतं. तेही चुकीचं.