चेंडू चालतो, चहा चालत नाही

पुण्याचं लष्कर, १८९० नंतरची काही वर्षं. पूना क्लबाच्या मैदानावर तुम्ही सकाळीच येऊन उभे राहिलात. रोलर फिरवून झालाय, नेट ताणून झालंय, आणि ज्यानं हे सगळं केलं तोच पोरगा आता डाव्या हातानं गोलंदाजी करतोय. बाळू पालवणकर. चर्मकार घरातला, पगार महिना चार रुपये. समोर इंग्रज फलंदाज ग्रेगसाहेब. चेंडू टप्पा पडल्यावर वळतो आणि यष्टी हलते. बाद केलं की साहेब आठ आणे देतात, असं सांगतात. म्हणजे आठदा उडवला की महिन्याचा पगार सुटला! त्याच्या हातात बॅट देऊन बघा. या क्लबात तासन्‌तास गोलंदाजी केलेल्या बाळूला फलंदाजी एकदाही मिळालेली नाही.

साहेबांना हरवायचं तर बाळू हवाच, हे गावातल्या हिंदू क्लबालाही कळतं. तेलुगू सभासद त्याच्या बाजूनं, ब्राह्मण सभासद विरोधात. शेवटी संघात घेतात. आता चहाची सुट्टी झालीय. तुमच्या हातात कपबशी आली. तुमची जात कुणी विचारली नाही, धरून चालले. बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर उभा आहे. त्याचा चहा मातीच्या बोळक्यात, जेवणाचं ताट वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचं तर पाणी ओतायला अस्पृश्य नोकरच लागतो. मघाशी स्लिपमध्ये त्याच्याच चेंडूवर झेल घेणारे हात मात्र कुणी धुतले नाहीत.

चला, मुंबईला. फेब्रुवारी १९०६, हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. जिंकलो १०९ धावांनी! बाळूचे आठ बळी, आणि संघात त्याचा भाऊ शिवरामही आहे. ओरडून घ्या. इथे बाळू संघाबरोबर जेवतोसुद्धा, हेही खरं. पाच वर्षांनी इंग्लंडच्या दौऱ्यावर तो ११४ बळी घेतो. हिशेबानं आता कर्णधारपद त्याचंच.

पण दर वर्षी नाव दुसऱ्याचंच येतं. कर्णधार झालेले एम. डी. पै स्वतः सत्कारात सांगतात की हा मान बाळूला मिळायला हवा होता. टाळ्या पडतात, नेमणूक बदलत नाही. निवड समितीला बाळूच्या गोलंदाजीची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती त्यानं क्षेत्ररक्षण लावण्याची, ब्राह्मणाला ‘जरा मागे सरक’ म्हणण्याची.

१९२० साली पै आजारी पडतात आणि कर्णधारपद बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल याला डावलून ब्राह्मण खेळाडू देवधरांकडे जातं. विठ्ठल आणि शिवराम खेळायला नकार देतात. मैदानात चर्चा रंगलीय, कान द्या. ‘खेळात जात कशाला आणता?’ असं त्या दोघांनाच विचारणारे तुम्हाला भेटतील. ओळखीचं वाटेल. त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला दोघे भाऊ परततात, आणि बाळूला उपकर्णधार नेमतात.

१९२३ला विठ्ठल अखेर हिंदूंचा कर्णधार होतो आणि युरोपियनांना हरवतो. त्यानं पुढे मराठीत ‘माझे क्रीडा जीवन’ लिहिलं. मिळालं तर वाचा. बाळूला मात्र हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच दिलं गेलं नाही.